मिठागरातली परीक्षा

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका राज्यात बधिरी नावाचा आजार होता. आधी सगळ्या अंगाला हलका स्पर्श कळेनासा व्हायचा, आणि दोन-तीन वर्षांनी हाताची बोटं वाकडी व्हायची, ती कायमचीच. पण आजार लवकर सापडला, तर तीन महिने काढा घेऊन माणूस ठणठणीत बरा होई.

आजार शोधायची युक्ती राजवैद्यांची. माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि तळपायावर मोराचं पीस फिरवायचं. कळलं तर घरी जा, नाही कळलं तर काढा घे. या परीक्षेमुळे नगरात नवा वाकडा हात दिसेनासा झाला होता. राजवैद्य हुशार होते, आणि हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

मिठागरातल्या वाडीत मात्र घरटी एक वाकडा हात होता. खाऱ्या पाण्यात उभं राहून तिथल्या लोकांचे पाय लाकडासारखे टणक झालेले. पीस कुणालाच कळत नसे, अगदी धडधाकट माणसालाही नाही. निरोगी माणसाला काढा बाधायचा, म्हणून तो सरसकट देताही येईना. "त्यांची परीक्षाच होत नाही, त्याला मी काय करू?" असं म्हणून राजवैद्यांनी तिकडे जाणंच सोडलं होतं.

त्या वर्षी राजाने नव्या शोधासाठी मोहरांची थैली ठेवली. राजवैद्यांनी परीक्षेसाठी संगमरवरी दालन मागितलं. एक तरुण वैद्यीण म्हणाली, "महाराज, मला वर्षभर मिठागरात राहायचंय. त्या लोकांना पीस कुठे कळतं, ते शोधायचंय."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर कुठे कळत नाही, एवढं तरी कळेल. आज आपल्याला तेही ठाऊक नाही."

राजाने थैली तिला दिली. दरबारी हसले. हसेनात का!

वाडीत पोशी नावाची बाई होती. तिच्या नवऱ्याची बोटं वाकडी झाली होती, आणि आता चौदा वर्षांच्या लेकीची, मंजुळीची, धास्ती तिला सुखाने जेवू देत नव्हती. वैद्यिणीला पाहून ती म्हणाली, "आमचं पाय बगाला आलीस? बगून झालंत सगल्यांचं."

वैद्यिणीने चार महिने आपल्याच डोक्याने काम केलं. गुडघे पाहिले, कोपरं पाहिली, मनगटं पाहिली. मिठाने सगळंच राठ केलेलं. शेवटी ती थकून पोशीच्या ओट्यावर बसली आणि तिने जे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं, ते विचारलं.

"पोशीबाय, तुमच्या अंगाला मीठ कुठे लागत नाही?"

पोशीने डोक्याचं फडकं सोडलं. मिठाची टोपली उचलण्यासाठी वाडीतल्या सगळ्याच बाया-पुरुष कानांवरून घट्ट फडकं बांधत. "हितं बग, कानामागं. हितं ना मीठ, ना ऊन."

दुसऱ्या दिवसापासून पोशी आणि आणखी दोघी वैद्यिणीच्या जोडीने कामाला लागल्या. मजुरी थैलीतून मिळे. भरतीला मिठागरातलं काम थांबलं की त्या घरोघर जात. धडधाकट माणसाला कानामागे पीस लगेच कळायचं. बोटं अजून सरळ, पण पीस कळलं नाही, अशी माणसं अकरा निघाली. अकरावी मंजुळी.

पोशी ढसाढसा रडली. "रडू नका," वैद्यीण म्हणाली, "बोटं सरळ आहेत. आपण वेळेवर आलोय."

काढा सुरू झाला. तीन महिन्यांनी पोशीने लेकीच्या कानामागे पीस टेकवलं आणि मंजुळी खांदा आक्रसून ओरडली, "आये, गुदगुल्या होतान!" त्या दिवशी वाडीत कुणाच्याच घरी कामाचा विषय निघाला नाही. बाकीचे दहाही बरे झाले.

ही खबर ऐकून राजवैद्य स्वतः आले. माणूस गर्विष्ठ होता, पण वाईट नव्हता. पोशीसमोर बसून त्यांनी ती परीक्षा शिकून घेतली. मग उत्साहाने उठले. "आता दगडखाणीतल्या लोकांकडे जातो. त्यांचेही पाय असेच आहेत. त्यांच्या कानामागे पीस फिरवतो!"

पोशीने त्यांचा हात धरून त्यांना परत खाली बसवलं.

"वैद्यबुवा, खानीतली धूल कानामागं बी जात असंल. आदी त्यांना इचारा."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: एखाद्या वस्तीत परीक्षा चालत नसेल, तर खोट वस्तीत नाही, परीक्षेत शोधावी, आणि थैली ती शोधणाऱ्याला द्यावी.