अडकलेल्या शिंकेची कहाणी

ऐका शेषराया, तुमची कहाणी. बायांनो, पोरांनो, चार चार अक्षता घ्या, मूठ मिटा, आणि मी थांबले की हुं म्हणा. कहाणी शपथेवर खरी आहे. ह्या समईची शपथ. माझ्या आत्यानं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता आत्या तेव्हा जन्मली नव्हती, आणि जन्मल्यावरही तिला लांबचं दिसत नसे. पण तेवढं सोडलं तर अक्षर न् अक्षर खरं.

आटपाट नगर होतं. तिथं एक कासार होता. तो खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन गावोगाव हिंडे. घरी कासारीण ओटीवर बसून बायांना बांगड्या भरी. त्यांना एक मुलगी होती, तिचं नाव पोवळी. एक तान्हा मुलगा होता, त्याचं नाव मोती. पोवळीचा मोतीवर फार जीव. तो हसला की ही हसे, तो रडला की ही रडे, त्यानं दूध ओकलं की हिला जेवण जाईना.

श्रावणमास आला. देवांनी वार वाटून घेतले. सोमवार महादेवानं घेतला, मंगळवार गौरीनं घेतला, शुक्रवार जिवतीनं घेतला. शेषाला वाटणीला जाता येईना. डोक्यावर पृथ्वी, ती कुणाच्या हाती द्यावी? मग त्याला उरली दुपार. श्रावणातली दुपार ती शेषाची.

कासारणीच्या घरी ह्या दुपारचा वसा होता. पाटावर तांदळाच्या पिठाचा नाग काढावा. लाह्या-दूध ठेवावं. पुरणाच्या दिंडांचा नैवेद्य दाखवावा आणि कहाणी सांगावी. कहाणीला ऐकणारा हवा. त्यानं मुठीत अक्षता धराव्या आणि हुंकार द्यावा. हुंकार नाही तर कहाणी नाही.

पण श्रावण म्हणजे बांगड्यांचे दिवस. ओटीवर बायांची झुंबड. कासारणीला कुठली सवड? पहिल्या दुपारी तिनं पोवळीला बसवलं. आगगाडी सुटल्यासारखी कहाणी सांगितली. आगगाडी तेव्हा नव्हती, पण सांगितली तशीच. दुसऱ्या दुपारी मांजरीला बसवलं. मांजर दुधाकडं बघून म्यांव म्हणाली, तोच हुंकार धरला. तिसऱ्या दुपारी कुणालाच बसवलं नाही. पाटाला म्हणाली, "आटपाट नगर होतं." लगेच म्हणाली, "सुफळ संपूर्ण." मधली सगळी कहाणी गिळली. आपणच हुं म्हणाली, अक्षता खिडकीतून टाकल्या आणि ओटीवर पळाली.

मग काय झालं? चुलीवर दूध वर आलं, काठाशी आलं, आणि थांबलं. उतू जाईना, खाली बसेना. ओटीवर शेजारची साळूबाई बसली होती. तिच्या हातात हिरवी बांगडी चढत होती, ती मधेच थांबली. आत जाईना, बाहेर येईना. घरात पोवळी मोतीला झोका देत होती. पाळणा वर गेला, वरच राहिला. मोतीला शिंक येत होती. "आऽऽ" झालं. डोळे मिटले, नाक वर चढलं. "छी" काही होईना.

पोवळी आधी हसली. मग थांबली. मग ओरडली, "आई! मोती अडकला!"

कासारीण धावली. पाळणा ओढला, खाली येईना. मोतीच्या पाठीवर थापटलं, शिंक सुटेना. दूध पाजलं, ते ओठावरून ओघळलं. बाळ रडेना की हसेना. गुलाबी पावलं गार पडत चालली. कासारीण कपाळाला हात लावून रडू लागली.

परसात एक वारूळ होतं. त्यातून एक म्हातारी धामण बाहेर आली. तिनं फणकारानं विचारलं, "रडतेस कशाला? कहाणी अर्ध्यात टाकलीस, तुझ्या घरात जे ते अर्ध्यात राहिलं. मधली कहाणी खाली शेषाला जाऊन सांगा. दिवस मावळायच्या आत सांगा. नाहीतर अडकलं ते अडकलं."

कासारीण म्हणाली, "मला मधली येत नाही गं बाई! सासूबाई सांगायच्या, तेव्हा माझं लक्ष दिंडांच्या पातेल्यात."

"तुझ्या सासूचंही तिथंच असायचं," धामण म्हणाली.

पोवळी म्हणाली, "मी जाते."

"तुला येते का?"

"नाही येत. पण मोती माझा आहे."

धामणीनं आपली कात काढून दिली. पोवळीनं ती पांघरली, तशी ती करंगळीएवढी झाली. कासारणीनं तिच्या मुठीत अक्षता दिल्या. त्या आता तिला भोपळ्याएवढ्या झाल्या, पण पोरगी चिवट, सोडीना. कासारीण म्हणाली, "जा बाळे. मी इथं वारुळाशी बसते. तू येईस्तो उठत नाही."

पोवळी वारुळात शिरली.

जाता जाता तिला एक म्हातारी वाळवी भेटली. ती म्हणाली, "थांब गं पोरी. माझी कहाणी ऐक." पोवळीला घाई, पण तिनं कवेत अक्षता धरल्या, हुं म्हटलं. वाळवी म्हणाली, "एक ऋषी तपाला बसला. आम्ही त्याच्या अंगावर वारूळ बांधलं. ऊन लागू दिलं नाही, पाऊस लागू दिला नाही. तो उठला, अंग झाडलं, निघून गेला. घर मोडलं. बाई, छान होतं हो, एवढंसुद्धा म्हणाला नाही!" पोवळी म्हणाली, "वाळवीआजी, मी आत्ता तुमच्याच घरातून आले. फार छान आहे हो." वाळवी लाजली. म्हणाली, "माझ्या लेकी हे भोक कर्ण्यासारखं मोठं करतील. खाली बोलशील ते वर ऐकू जाईल."

पुढं गेली. तिला एक कासव भेटलं. ते म्हणालं, "थांब गं पोरी. माझी कहाणी ऐक." पोवळीनं अक्षता धरल्या, हुं म्हटलं. कासव म्हणालं, "देवदैत्यांनी समुद्र घुसळला. डोंगराची रवी केली, खाली माझी पाठ दिली. जो येतो तो विचारतो, अमृताची चव कशी होती. पाठ कशी आहे, हे एकजण विचारत नाही." पोवळी म्हणाली, "कासवकाका, पाठ कशी आहे?" कासवाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालं, "डावीकडं जरा दुखते. बस वर. तू काही डोंगर नाहीस." मग त्यानं तिला थेट पाताळात नेलं.

तिथं एक पांढरा हत्ती उभा होता. पृथ्वीचा एक कोपरा धरून उभा होता. कान हलवी, तसं पाताळात वादळ होई. तो म्हणाला, "थांब गं पोरी. माझी कहाणी ऐक." पोवळीनं अक्षता धरल्या, हुं म्हटलं. हत्ती म्हणाला, "समोरच्या कोपऱ्यावर माझा भाऊ आहे. सृष्टी झाली तेव्हा दोघं उभे राहिलो. भेट म्हणून नाही. हललो तर पृथ्वी कलंडेल." एवढीच कहाणी. पोवळीला मोती आठवला. म्हणाली, "हत्तीदादा, मलाही भाऊ आहे. तोही अडकला आहे." हत्ती म्हणाला, "जा. तू बोलशील तोवर मी कान हलवणार नाही. माशी बसली तरी नाही."

इकडं वर काय झालं? कासारीण वारुळाशी बसली होती. वाण्याची सून आली. म्हणाली, "कासारीणबाई, ऊठ, बांगड्या भर." कासारीण उठली नाही. पाटलीणबाई आली. म्हणाली, "ऊठ गं, बांगड्या भर. दोन्ही हातांना भर." कासारीण उठली नाही. मग पालखीतून राणी आली. म्हणाली, "कासारणी, ऊठ, बांगड्या भर. सोन्याचं कडं देईन." कासारीण म्हणाली, "राणीसाहेब, आज माझे कान कामात आहेत." साळूबाई ओटीवरून ओरडली, "अगं, राणीला नाही म्हणतेस? आणि माझी बांगडी? मी काय अशीच हात धरून सासरी जाऊ?" तरी कासारीण उठली नाही. तिनं मुठीत अक्षता धरल्या, जमिनीवर आडवी झाली, आणि वारुळाला कान लावला.

खाली पोवळी शेषापुढं उभी राहिली. केवढा शेष! हजार फणा, हजार जिभा, मधल्या फणेवर पृथ्वी. पोवळी म्हणाली, "शेषआजोबा, कहाणी आणली."

शेष एकाच जिभेनं, हळू बोलला. "सांग बाळे. पण मी हुंकार देणार नाही. हुं म्हटलं की मान हलते, मान हलली की पृथ्वी हलते. म्हणून तर वर तुम्हां माणसांना हुंकार द्यायला सांगितलं. माझ्या वाटचा हुंकार तुम्ही द्यायचा. तुझ्या आईनं तोच बुडवला."

"मग आज कोण देईल?"

"ते मी कसं सांगू? वर कोण बसलंय, मला मान वर करता येत नाही."

पोवळी विचारात पडली. मधली कहाणी येत नाही. हुंकाराला कुणी दिसत नाही. दिवस कलत चालला. मग तिनं डोळे मिटले आणि जी येत होती तीच सुरू केली. "आटपाट नगर होतं. तिथं एक कासारीण होती. तिला एक पोवळी होती, एक मोती होता. मोतीला शिंक आली, आणि ती अडकली."

शेष म्हणाला, "अरेरे! मग?"

पोवळीनं धामणीचं सांगितलं. कातीचं सांगितलं. वाळवीच्या घराचं सांगितलं. शेषाला कहाणी इतकी गोड लागली की मान हलायला आली. कडेच्या फणा डुलायला लागल्या. वर आटपाट नगरात उखळं गडगडली, माळांवरच्या बांगड्या किणकिणल्या, राणीची पालखी भुईवर बसली.

पोवळी ओरडली, "शेषआजोबा, डुलू नका!"

"अगं, मला राहवत नाही! कुणीतरी हुं म्हणा!"

वाळवीच्या लेकींनी भोक मोठं केलं होतं. हत्तीनं कान धरून ठेवले होते. पोवळीचा आवाज वर गेला, कासारणीच्या कानात शिरला. कासारणीनं छाती भरून म्हटलं, "हुं!"

तो हुंकार वारुळातून खाली आला. शेषाची मान थांबली.

पोवळीनं आईचा आवाज ओळखला. तिला धीर आला. कासवाच्या पाठीचं सांगितलं. वरून आलं, "हुं!" हत्तीच्या भावाचं सांगितलं. वरून आलं, "हुं!" हा हुंकार ओला होता. मग पोवळी थांबली. म्हणाली, "मग पोवळी शेषआजोबांपुढं आली. ह्यापुढं मला येत नाही. माझा भाऊ शिंकू दे, एवढंच येतं."

शेष म्हणाला, "हीच ती मधली कहाणी का?"

"ठाऊक नाही, आजोबा. जे झालं ते सांगितलं."

शेष हसला. पोटातल्या पोटात हसला, मान न हलवता. म्हणाला, "अगं, तुझ्या आजीनं मला दुसरीच सांगितली होती. पणजीनं तिसरीच. मला कहाणी कुठलीही चालते. अर्धी चालत नाही. आता म्हण बाळे, जे आई घाईत म्हणाली, ते तू सावकाश म्हण."

पोवळीनं अक्षता शेषाच्या पायाशी वाहिल्या. शेषाला पाय नसतात, पण वाहिल्या. म्हणाली, "सुफळ संपूर्ण."

तसा पाळणा खाली आला. दूध उतू गेलं. साळूबाईची बांगडी सर्रकन् मनगटात उतरली. आणि मोती "छी!" करून असा शिंकला की पाटावरचा पिठाचा नाग उडून साळूबाईच्या तोंडावर बसला. मग मोती रडला. कासारीण त्याच्याकडं धावली नाही. वारुळाशीच बसून राहिली. म्हणाली, "साळू, त्याला तू घे गं. माझी एक अजून यायची आहे."

मग पोवळी वर आली. कात टाकली, मोठी झाली. कासारणीनं तिला पोटाशी धरलं. केसांतली माती झाडली. एका मांडीवर पोवळी, एका मांडीवर मोती, आणि पुढं दिंडांचं पातेलं. तेवढ्यात राणीनं पालखीतून विचारलं, "आता तरी भरतेस का?" कासारीण म्हणाली, "राणीसाहेब, आधी बसा. हातात अक्षता घ्या. पोवळी कहाणी सांगते आहे."

आता समईपुढं बसले आहे, तर खरं सांगून टाकते. कासव माझं. हत्ती माझा, त्याचा भाऊही माझा. राणी तर सपशेल माझीच, आटपाट नगरात साधी पाटलीणसुद्धा नव्हती. आत्याला विचाराल तर ती म्हणेल, मी ह्यातलं काही पाहिलं नाही. शिंक मात्र खरी. आणि मी थांबले तेव्हा तुम्ही हुं म्हणालात, तेही खरं. बघा, उखळ जागच्या जागी आहे.

जशी पोवळीला आईच्या हुंकाराची साथ लाभली, तशी तुम्हां आम्हां लाभो. कुणाच्या घरचं हसू, शिंक, झोका अर्ध्यात न राहो. साठा उत्तरांची कहाणी, पाच उत्तरं शेषाची, उरलेली माझी, तुमच्या हुंकारानं सुफळ संपूर्ण.