दाढेचा लेप आणि मुगाचे मोड

डोंगरापलीकडच्या एका राज्यात भार्गवी नावाची दंतवैद्य राहत होती. राजकन्या मालिनीचे दुधाचे दात किडले, तेव्हा त्या पोरीने फार सोसलं होतं. आता तिला नव्या दाढा आल्या. त्यांवर खोल खाचा होत्या. खाचांत अन्न अडकलं की पुन्हा कीड लागणार, म्हणून भार्गवीने झाडाची राळ आणि शंखाचं भस्म घोटून एक लेप केला. खाचेत भरला की तो दगडासारखा घट्ट बसे.

राजा खूश झाला. "उद्याच लावा," तो म्हणाला.

"महाराज, लेप टिकतो हे मी पाहिलं. तो तोंडात काय सोडतो, ते अजून पाहिलं नाही."

घरी येऊन तिने वाळलेल्या लेपाचे तुकडे पाण्यात भिजत घातले. ते पाणी एका वाटीत घेतलं, दुसऱ्या वाटीत विहिरीचं, आणि दोन्हींत मूग टाकले. विहिरीच्या पाण्यातल्या मुगांना टपोरे मोड आले. लेपाच्या पाण्यातले मूग काळे पडले.

दोन्ही वाट्या तिने दरबारात नेल्या. प्रधान हसला. "बाई, राजकन्येच्या दाढेवर मूग पेरायचे नाहीत."

"नाहीत, प्रधानजी. पण जे पाणी मुगाला सोसलं नाही, ते लेकराच्या हिरडीला सोसेल, असं तुम्ही सांगाल का?"

राजा चिडला. "आणि लेपाशिवाय दाढा किडल्या तर?"

"रोज मी येऊन तिचे दात घासून देईन. पण हा लेप लावणार नाही."

तसं ती करू लागली. घरी मात्र एकच प्रश्न तिला सोडेना: मूग मेले कशाने? एकदा लेपावर बोट फिरवताना ते किंचित चिकटलं. आतला लेप घट्ट होता, वरचा पातळ थर मात्र कच्चाच राहिला होता. तिने तो थर फडक्याने पुसून काढला आणि तुकडे पुन्हा भिजवले. या खेपेस दोन्ही वाट्यांत सारखेच मोड आले. मग तिने लेप आधी स्वतःच्या दाढेत भरला. हिरडी सुजली नाही, जीभ पोळली नाही. तेव्हा कुठे तो मालिनीला लावला.

वर्ष उलटलं. मालिनी खुशाल फुटाणे खाऊ लागली. तरी भार्गवी अधूनमधून येऊन तिच्या हिरड्या पाही.

राजाने विचारलं, "अजून शंका आहे?"

"शंका नाही, महाराज. पण लेप अजून तिच्या तोंडात आहे."

तात्पर्य: औषध किती टिकतं एवढंच पाहू नये, ज्याच्या अंगाला ते लागणार, त्याला ते बाधत नाही ना, हे आधी पाहावं आणि नंतरही पाहत राहावं.