गीझरची ज्योत आणि तांब्याची काडी

गॅसचे गीझर नवे होते तेव्हाची गोष्ट. शेवंताकाकूंच्या गीझरात एक ज्योत होती. तिला चिकटून तांब्याची काडी उभी असे.

"पाणी मी तापवते, तू नुसती शेकत बसतेस," ज्योत रोज टोमणा मारी.

"बसते खरी," काडी म्हणे.

एकदा काकू तोंडाला साबण लावत असताना वाऱ्याने ज्योत विझली. गॅस न्हाणीघरात शिरू लागला. काडी तापलेली असेपर्यंतच गॅसची झडप उघडी राही; ती गार पडली, तशी तिने झडप लावून टाकली. काकूंनी कुरकुरत गार पाण्यानेच आंघोळ उरकली.

दुसऱ्या दिवशी पेटल्या पेटल्या ज्योत तणतणली, "माझी जरा वाट बघायचीस."

"तू 'येते' म्हणून गेली नव्हतीस," काडी म्हणाली. "आणि काकू आत होत्या."

तेव्हापासून ज्योत आधी काडीला शेकते, मग पाण्याकडे वळते.