कयाधूचं नाव बदला!

आपल्या नावाचा खुलासा करून करून कयाधूला वीट आला होता. "आमच्या हिंगोलीची नदी आहे हो ती!"

लग्नातही तेच. नवरामुलगा अंगठीने ताटातल्या तांदळावर बायकोचं नाव लिहिणार, तोच सासरे प्रल्हादराव भर मांडवात गरजले, "कयाधू म्हणजे हिरण्यकश्यपूची बायको! राक्षसाच्या घरातलं नाव आमच्यात चालायचं नाही. बदला!"

कयाधूने वैतागून मुंडावळ्या मागे सारल्या आणि ताटच सासऱ्यांपुढे सरकवलं.

"बदलू या की, मामंजी. पण आधी तुमचं. कयाधू त्या राक्षसाची नुसती बायको, प्रल्हाद तर त्याचा पोटचा मुलगा!"

मांडवभर हशा पिकला. प्रल्हादराव मुलावरच खेकसले, "बघतोस काय? लिही कयाधू!"