चौगुले सरांचा खो

“तू खेळासाठी शाळा बदलली नाहीस, हे सिद्ध कर! दहा मिनिटं देतो!”

तालुका क्रीडा समितीचे अध्यक्ष आबासाहेब थोरवडे यांनी टेबलावर हात आपटला आणि समोर उभ्या असलेल्या दहावीतल्या तृप्ती बाबरकडे डोळे वटारून पाहिलं. खेळासाठी शाळा बदलणाऱ्याने वर्षभर मैदानाबाहेर बसायचं, हा नियम आबासाहेबांनी स्वतः केलेला. तो लॅमिनेट करून ते खिशात बाळगायचे. तृप्तीला मात्र पुढचं वर्ष नव्हतंच. दहावी झाली की शाळेचा खो-खो संपला.

जूनमध्ये ती बोरखिंडी हायस्कूल सोडून आमच्या वाघजाई हायस्कूलमध्ये आली. बोरखिंडी म्हणजे नऊ वर्षं तालुक्याची ढाल घरात ठेवून बसलेली शाळा. तिथल्या घाटगे सरांनी तक्रार ठोकली, की वाघजाईने आमची खेळाडू फोडली! आता वाघजाईत खेळाडू फोडणारा कोण? तर मी, नेमिनाथ चौगुले, चित्रकलेचा शिक्षक. अकरा वर्षांपूर्वी हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली, ती तशीच राहिली. त्या अकरा वर्षांत आम्ही एकदाही पहिली फेरी ओलांडली नाही. आमच्या मैदानात एका टोकाला खांब म्हणून हातपंप आहे आणि दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड. तरी माझा स्वतःविषयी फार चांगला समज होता.

“गणितासाठी आले, आबासाहेब,” तृप्ती म्हणाली. “तिकडं गणिताच्या तासाला आम्हाला मैदानावर न्यायचे. नववीत मला गणितात अकरा मार्क पडले. इकडं शिकलगार बाई जीव तोडून शिकवतात.”

“असं सगळेच सांगतात! गेल्या महिन्यात एक गोळाफेकवाला आला होता. म्हणे, हवापालटासाठी शाळा बदलली! तुझ्या मनात काय होतं, ते दाखव!”

मन कसं दाखवणार? पोरीचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही, मी उठलो, आणि तिथेच घोटाळा झाला. तिच्या बाजूने बोलायला उठलेला मी स्वतःविषयीच बोलत सुटलो.

“आबासाहेब, ही मुलगी आली तेव्हा कच्ची होती. हिला घडवली मी! आमचं प्रशिक्षण शास्त्रशुद्ध आहे. जिल्ह्यात शोधून सापडणार नाही!”

“वा!” शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या घाटगे सरांनी टाळीच वाजवली. “म्हणजे या प्रशिक्षणासाठीच आली की!”

आबासाहेबांनी बंदीचा छापील कागद पुढे ओढला, त्यावर ‘एक वर्ष’ असं लिहिलं आणि पेन नावाच्या रकान्याकडे नेलं.

“थांबा, आबासाहेब!” तृप्ती म्हणाली. “माझी दहा मिनिटं अजून संपली नाहीत. चौगुले सरांना बाहेर अंगणात एकदा खो देऊन दाखवू दे. ते खरंच एवढे भारी असले, तर मी वर्षभर गप्प बसते!” मग माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, “सर, रागावू नका हां.”

रागावतो कशाला? मला वाटलं, पोरगी माझी कला चार लोकांपुढे आणतेय! मी पँटचे पाय दुमडले.

तृप्तीसोबत आलेल्या आमच्या संघातल्या आठ मुली समितीच्या अंगणात ओळीने बसल्या. मी पाठलाग करणारा, तृप्ती पळणारी. मी पहिल्याच मुलीला समोरून डोक्यावर टपली मारली आणि ओरडलो, “खो!”

“फाउल!” आबासाहेब गरजले. “खो पाठीमागून देतात, मास्तर!”

मी जोरात धावलो. तृप्ती मागेच राहिली म्हणून अर्ध्यातून उलटा वळलो.

“फाउल! टोकापर्यंत गेल्याशिवाय वळता येत नाही!”

मग मी बसलेल्या दोन मुलींच्या मधून घुसलो. तोही फाउल निघाला! शेवटी स्वतःच्याच दुमडलेल्या पँटमध्ये पाय अडकून मी धुळीत बसलो. तृप्ती तर पळतही नव्हती. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

घाटगे सर हसून हसून भिंतीला टेकले. “बघितलंत, आबासाहेब? मी नऊ वर्षं ढाल आणलीय! आणि हे म्हणे प्रशिक्षण! अहो, यांच्याकडे खो-खो शिकायला शेळीसुद्धा जायची नाही!”

“लिहून घ्या, आबासाहेब!” तृप्ती कडाडली. “आमच्या घरी चाळीस शेळ्या आहेत, त्यातली एकही जायची नाही. मग खो-खोसाठी घाटगे सरांना सोडून यांच्याकडे मी कशाला जाईन?”

आता घाटगे सरांनी ‘चौगुले चांगलं शिकवतात’ असं म्हणावं, तर स्वतःची नऊ वर्षं मातीत!

आबासाहेब आधी गालातल्या गालात हसले, मग पायरीवर बसून पोट धरून हसले. “खेळ, पोरी, खेळ! घाटगे, तुमची तक्रार तुम्हीच निकालात काढलीत! आणि वाघजाईच्या मैदानाला दोन नवे खांब माझ्याकडून. तो हातपंप पाण्यासाठी मोकळा करा!”

मी धूळ झटकत उठलो. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण पोरीचा फुललेला चेहरा पाहिला आणि मलाही हसू आवरेना.

“एक अडचण आहे,” आबासाहेब डोळे पुसत म्हणाले. “बंदीच्या कागदावर ‘एक वर्ष’ लिहून बसलोय. कागद वाया घालवणं मला जमत नाही.” आणि आतून तो कागद मागवून नावाच्या रकान्यात त्यांनी झोकात लिहिलं, नेमिनाथ चौगुले!

ते वर्ष मी कुंपणाबाहेर काढलं. सराव तृप्तीनेच घेतला, आणि वाघजाईने ढाल जिंकली! आबासाहेबांच्या हातून ती घेऊन तृप्ती तडक कुंपणाशी आली आणि ढाल माझ्या हातात ठेवत म्हणाली, “धरा, सर! तुम्ही बाहेर बसलात म्हणूनच मिळाली!”