डॅनिश, इलोकानो आणि नात

"मूल झोपेत कुठल्या भाषेत बडबडतं, बुवा? तेवढं कळलं की माझा प्रश्न सुटला."

विचारणारे त्र्यंबकराव साठ्ये. जन्मभर कॉलेजात भाषा शिकवलेले. आपल्याला भाषेतलं कळतं, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत स्वतःच सांगून मोकळे होणारे.

उत्तर द्यायचं होतं निरंजनबुवांनी. खाडीवरच्या टेकडीवर त्यांचा मठ. मठ कसला, एक ओसरी, एक समाधी आणि बाजूला झरा. बुवा ओसरीवर बसून उकडलेल्या आठळ्या सोलत होते. फणसाचे दिवस होते.

"कुणाचं मूल?"

"माझी नात. लीना. मुलगा डेन्मार्कात, सून फिलिपाइन्सची. पोरगी शाळेत डॅनिश बोलते आणि आईशी इलोकानो."

"आणि बापाशी?"

"उन्मेष तिच्याशी डॅनिशच बोलतो. शाळेत मागे पडू नये म्हणून."

"मराठी?"

"...नाही."

बुवांनी आठळी सोलली. सुपात टाकली.

"पण मी दोन्ही भाषा शिकलो," त्र्यंबकराव ताठ बसले. "या वयात. पुस्तकं मागवून. गावात कुणी आहे का दुसरा?"

"नाही बाबा. मग बोल की तिच्याशी."

"बोलेन. पण कुठल्या भाषेत, ते आधी ठरायला नको?"

"ठरव."

"तेच तर! डॅनिश लोक अर्धा शब्द गिळतात. बापाचा बाप, त्याला लिहायचं फारफार आणि म्हणायचं फाफा. दोन्ही 'र' घशात. इलोकानोचं तसं नाही. लिहिलं तेवढं सगळं तोंडाबाहेर येतं. शिवाय आपल्यासारखं 'आपण' वेगळं, 'आम्ही' वेगळं. डॅनिशला दोन्हीकडे एकच शब्द."

"बरं."

"आणि डॅनिशमध्ये 'कृपया'ला सरळ शब्दच नाही!"

"तुझ्या घरात कधी ऐकलायस?"

त्र्यंबकराव हसले नाहीत. विद्वान माणसाला दुसऱ्याचा विनोद उशिरा कळतो, आणि कळला तरी तो तसं दाखवत नाही.

"मग अडलं कुठे?" बुवांनी विचारलं.

त्र्यंबकरावांनी खाली पाहिलं.

"सुट्टीला गावी आल्या आल्या ती माझ्या मांडीवर येऊन बसली होती. आपणहून. काहीतरी मांजराचं सांगायला लागली. पण एक शब्द डॅनिश, दोन इलोकानो, पुन्हा एक डॅनिश... नुसता काला. मी म्हटलं, थांब बाळ. हा शब्द इकडचा, तो तिकडचा. वेगळे करून नीट सांग."

"मग?"

"उतरली मांडीवरून."

"मग?"

"...परत आली नाही."

झऱ्यावर पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता. लीना तिथे पाय बुडवून बसली होती, आईला टेकून.

"आज निघालेत ते," त्र्यंबकराव म्हणाले. "खाली गाडी उभी आहे. पुन्हा कधी येणं होईल, उन्मेषलाही सांगता येत नाही. आणि मी काय... माझं वय बघताय तुम्ही. एकदा तरी तिनं माझ्याशी बोलावं, बुवा. मी चुकीची भाषा निवडली तर हीही वेळ जाईल."

आवाज बसला होता त्यांचा. व्याख्यानाचा आवाज तो, बसायची सवय नव्हती त्याला.

बुवांनी आणखी एक आठळी सोलून सुपात टाकली. मग म्हणाले,

"मांजराचं काय झालं?"

"अं?"

"ती सांगत होती ना. काय झालं मांजराचं?"

"ते..."

त्र्यंबकरावांनी झऱ्याकडे पाहिलं. पुन्हा बुवांकडे पाहिलं.

"ते मला ठाऊक नाही."

खालून उन्मेषनं गाडीचा हॉर्न वाजवला.

सुनेनं, मारिसेलनं, पोरीला उठवलं. स्वतःच्या टी-शर्टाच्या टोकानं तिचे पाय पुसले. तिचा हात धरून पायवाटेला लागली आणि चार पावलांवर थांबून, मागच्या रिकाम्या पाण्याकडे बघत, लांब सूर काढून तिनं हाक मारली:

"इंतायोन, लीना... दिका अगबतबाती..."

बुवांच्या हातातली आठळी तशीच राहिली.

"लीना तर तिच्या हाताशी आहे."

त्र्यंबकरावांना एकदम जोर आला. "त्यांच्यात तशी समजूत आहे. पाण्यावरून, रानातून निघताना जिवाला हाक मारायची. चल, मागे राहू नकोस, म्हणून. नाहीतर माणूस घरी जातं आणि जीव तिथेच घुटमळतो. वेडगळ समजूत, पण वाक्याची ठेवण बघण्यासारखी आहे हं..."

"कुणाचा राहतो असा जीव?"

"लहान मुलांचा, बहुतेक."

"मुलांचाच?"

त्र्यंबकराव उत्तर शोधायला लागले. कुठल्याशा पुस्तकात असणारच.

मायलेकी ओसरीसमोरून गेल्या. मारिसेलनं बुवांना हात जोडले. सासऱ्यांकडे बघून मान हलवली, चला अशी. पुन्हा हॉर्न वाजला. त्या उताराला लागल्या.

उताराच्या तोंडाशी लीना थांबली. वळली. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली. मग आईनं काढला होता तसाच लांब सूर तिनं काढला:

"इंतायोन, फाफा...!"

त्र्यंबकराव अर्धे उठले. चेहरा असा उजळला, जणू हरवलेलं टिपण सापडलं.

"ऐकलंत, बुवा? हाक इलोकानोत आणि नातं डॅनिशमध्ये! एकाच वाक्यात दोन कुळांच्या..."

बुवांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आठळ्यांची पातळ सालं चिकटलेला, ओला हात.

पोरगी उभी होती. आईनं तिला ओढलं. ती हलली नाही.

"फाफा?"

...

बुवांनी हात काढून घेतला.

"ओ दे, त्र्यंबका."