कुंभारणीच्या वाफ्यातले मुळे

श्री सोमगीर महाराज त्या वर्षी बोरवंड गावी मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते. मार्गशीर्षात तिथे सप्ताह बसे, आणि पंगतीचा एक नेम असे: रोज एका घरची भाजी. ती विकत घ्यायची नाही, मागून आणायची नाही. आपल्या परसात पिकलेलीच द्यायची. ज्या घराची भाजी चुकली, त्याची पाळी कायमची गेली. देवालाही मोडता येऊ नयेत असे नेम माणसे देवासाठी फार हौसेने करतात.

कुंभारांच्या घराला पाळी कधीच नव्हती. त्यांनी घागरी द्याव्यात, मडकी द्यावीत. भाजी देणारे निराळे. पण दसऱ्याला गजराबाई कुंभारीण महाराजांपुढे उभी राहिली.

"महाराज, आमच्या मडक्यांत शिजलेलं सगळं गाव जेवतं. एकदा माझ्या परसातलं जेवा की!"

महाराज म्हणाले, "सप्ताहातला शनिवार तुझा, माय."

गजराबाईने भट्टीमागची खापरे वेचली, राख मिसळली, दोन वाफे केले आणि मुळ्याचे बी आणले. जन्मात तिने भाजी लावली नव्हती. वांगी आणि कांदे लोक कसे लावतात, ते मात्र येता-जाता पाहिले होते: आधी रोप टाकायचे, मग ते उपटून ओळीने लावायचे. तिने मुळ्यालाही तोच न्याय लावला. मुळा असा हलवला की त्याला फाटे फुटतात आणि तो पोसत नाही, हे शेजारच्या रंभाजी माळ्याला पक्के ठाऊक होते. कुंपणाला टेकून तो ती लावणी पाहत होता. बोलला काहीच नाही. बोलला असता तर पुढे हसायला काय उरले असते?

वर पाला मोठा डौलदार आला. गजराबाई रोज एक घागर जास्तच घालायची.

शनिवारी सकाळी तिने पहिला मुळा उपटला. करंगळीएवढा, दोन फाट्यांचा, केसाळ. दुसरा तीन फाट्यांचा. तिसरा तर पाहवेना. पंगत तीनशे पानांची! ती वाफ्यातच बसली. कुंपणापलीकडे रंभाजीची गाडी जुंपून तयार होती. तीत पांढरेशुभ्र, सरळ मुळे धुऊन रचले होते. ते त्याने कालच काढून ठेवले होते, हे सांगायला नकोच.

"गजराबाई, हे मुळे की कोंबडीचे पाय?" रंभाजी म्हणाला. चार माणसे हसली. "मडकी घडवणं निराळं, बाई. ऊठ, पाळी सोडली म्हणून देवळात सांगून ये. माझी गाडी उभीच आहे."

"येते सांगून," ती म्हणाली. पण तिला उठवेना.

तेवढ्यात महाराजच आले. त्यांनी ते तीन मुळे पाहिले, गाडीही पाहिली. म्हणाले, "रंभाजी, तू जाणता माणूस. पुढचा मुळा तू काढून दाखव."

"त्यात काय महाराज!" रंभाजीने दोन बोटांनी पाला धरला. मुळा हलेना. त्याने मूठ घातली, मग दोन्ही हात घातले. पाय रोवून ओढताना पागोटे चिखलात पडले. खुरप्याने माती उकरली, तर मुळा खाली खालीच गेलेला!

"माय, आता तू," महाराज म्हणाले.

गजराबाईने डोळे मिटून हात घातला आणि मुळा अलगद वर आला. फाटे जिथल्या तिथे होते. फक्त एकेक फाटा हातभर लांब आणि मनगटाएवढा जाड झाला होता. देवाने तिची चूक पुसली नव्हती, त्या चुकीलाच पोसले होते. धन्य ती कृपा! एका वाफ्यातच चार टोपल्या भरल्या.

रंभाजी मातीत तसाच बसून होता. महाराज शांतपणे म्हणाले, "रंभाजी, हिला ठाऊक नव्हतं, म्हणून चुकली. ते देवाने पदरात घेतलं. तुला ठाऊक होतं आणि तू गप्प राहिलास. ते कुणी पदरात घ्यायचं?"

रंभाजीची मान खाली गेली. त्याने महाराजांच्या पायांकडे हात नेले. महाराज बाजूला सरले. समोर उरले ते गजराबाईचे राखेमातीने भरलेले पाय. क्षणभर तो थांबला. मग त्याने त्यांवर डोके ठेवले.

"बाई, मी बघत होतो. सांगायला हवं होतं."

गजराबाई संकोचून म्हणाली, "अहो रंभाजीदादा, उठा! पंगतीला उशीर होतोय, पलीकडचा वाफा अजून तसाच आहे."

रंभाजी उठला नाही. गुडघ्यांवरच पलीकडच्या वाफ्याकडे सरकला आणि वाकून त्याने एका मुळ्याला हात घातला. या खेपेस तो आला.